आमच्या चर्चच्या मंडळीत नव्याने आलेल्या भावाला

बाप्तिस्मा झाला की लगेच पुढे उभं राहून गायची घाई करू नकोस. आधी आमच्या ऐरोलीच्या गृहसभेत ये. बुधवारी आठ-दहा जण सतरंजीवर बसतो, बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान एकेक अध्याय वाचतो. कळलं नाही तर मोकळेपणाने विचार. मी दोन वर्षं विचारतच होते.

सेवा म्हणजे पाळकांचं, म्हणजे पास्टरांचं काम, हा समज मात्र काढून टाक. बायबलमधल्याच इफिसकरांस पत्राच्या ४थ्या अध्यायात प्रेषित पौल स्पष्ट सांगतो, पाळक-शिक्षक दिलेत ते विश्वासणाऱ्यांना सेवेसाठी तयार करायला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ही वाच. विधवांच्या रोजच्या वाढपासाठी सात जण निवडले, त्यांत पुढे पहिला ख्रिस्ती हुतात्मा झालेला स्तेफन होता. आणि वाढायला माणसं कशी हवीत? आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण! मला हे फार मोठं वाटतं.

तेव्हा एकच काम धर. रबाळ्याच्या एका आजींना गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. रविवारी उपासनेनंतर मी त्यांच्याकडे जाऊन २३वं स्तोत्र वाचते. त्या डोळे मिटून सोबत पुटपुटतात. या रविवारी तूही चल. येताना अर्धा डझन केळी घे, पिकलेली बघून. त्यांना दातांनी चावत नाही.