बलक फेकण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या

तुम्ही लिहिलंय की वय ४३, कंपनीच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १६६. रोज दोन उकडलेली अंडी खाता आणि तपासणीनंतर फोन आलेल्या आहारसल्लागार बाईंनी अंडी कायमची बंद करायला सांगितली. आता बलक काढून नुसतं पांढरं खाल्लं तर चालेल का, असा तुमचा प्रश्न. पण शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय: 'हल्ली फार थकवा येतो, चार किलो वजन वाढलंय, एसीत इतरांपेक्षा जास्त थंडी वाजते, ताण असेल.' ती ओळ वाचली आणि लिहायला बसले. बारा वर्षांपूर्वी हेच सगळं मी एका टेबलासमोर बसून सांगत होते.

मी डॉक्टर नाही. बँकेत नोकरी केली, आता पुण्यात सहकारनगरात घरी असते. त्यामुळे हे एका पेशंटचं बोलणं समजा, औषधपाणी तुमच्या डॉक्टरांनाच विचारून करा.

माझा पहिला रिपोर्ट असा होता: एकूण २५२, एचडीएल (चांगलं म्हणतात ते कोलेस्टेरॉल) ४४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १६०, एलडीएल १७६. तपासणी केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथे रिपोर्ट समजावून सांगायला जेमतेम पाच मिनिटं मिळाली. 'अंडी खाता?' 'हो, आठवड्यातून पाच-सहा.' 'मग झालं तर. अंडी बंद, तूप बंद, शेंगदाणे बंद.' मी म्हटलं, केस मूठमूठ गळतायत, दुपारी डोळे उघडे राहत नाहीत. उत्तर आलं, 'चाळिशीनंतर बायकांना होतंच.' एवढ्यावर मी उठले.

माझी चूक त्याच्याही आधीची. तपासणीच्या फॉर्मवर 'ऐच्छिक' म्हणून एक रकाना होता, त्यात थायरॉइड होतं. काहीशे रुपये जास्त पडत होते. मी खूण केली नाही. ती न केलेली खूण मला दोन वर्षांना पडली.

दोन वर्षं मी बलक काढून टाकत होते. सासूबाईंच्या जिवाला ते लागायचं, अन्न असं टाकू नये म्हणायच्या. नुसत्या पांढऱ्यावर पोट भरेना, मग अकरा वाजता ऑफिसात चहाबरोबर दोन खारी, कधी टोस्ट, कधी नानकटाई. अंडं सोडलं म्हणजे पथ्य पाळतोय असं मी धरून चालले होते आणि त्याच्या जागी बेकरीचं वनस्पती तूप खात होते. पुढचा रिपोर्ट आला: एकूण २७४, एलडीएल १९५. मग स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, सुरू झालं. महिन्याभरात पोटऱ्या आणि मांड्या अशा दुखायला लागल्या की पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना मी तीनदा बसले. तळजाईला रोज फिरणारी बाई मी! मला वाटलं, म्हातारपण आलं.

शेवटी सर्दीच्या निमित्ताने आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सर्दीचं काही विचारलंच नाही. आवाज कधीपासून घोगरा झाला, चेहरा सुजल्यासारखा का दिसतोय, शौचाला साफ होते का, एवढंच विचारलं आणि टीएसएच लिहून दिलं. आलं ४६. साधारण चारच्या आत असायला हवं. एवढं वाढलं म्हणजे थायरॉइड कमी काम करतंय.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

त्यांनी मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. रक्तातलं एलडीएल उचलून न्यायचं काम यकृत करतं. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की यकृताच्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे हात कमी होतात. घंटागाडी चार दिवस फिरकली नाही की कचरा साठतो, मग घरात स्वयंपाक कमी केला म्हणून सोसायटी स्वच्छ होत नाही. आणि थायरॉइड कमी असताना, त्यावर उपचार न करता स्टॅटिन घेतलं तर स्नायू दुखण्याचा धोका वाढतो. म्हणून वाढलेल्या एलडीएलवर औषध सुरू करण्याआधी टीएसएच पाहायचं असतं. हे माझ्याबाबतीत कुणीच केलं नव्हतं. दोन वर्षांत तीन ठिकाणी रिपोर्ट दाखवले, तिन्ही ठिकाणी अंड्यांची चौकशी झाली. थायरॉइडची ग्रंथी मानेत असते, पण मानेला हात कुणी लावला नाही. अजूनही आठवलं की संताप होतो.

डॉक्टरांनी स्टॅटिन थांबवलं, थायरॉइडची गोळी सुरू केली, अंडी पूर्ववत. आठ महिन्यांनी एलडीएल १२४. स्टॅटिन पुन्हा लागलं नाही, पण हे माझं. अनेकांना ते लागतं आणि ते त्यांचा जीव वाचवतं. माझं वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, हात जोडून सांगते.

आता अंड्यांचं. एका अंड्यात साधारण १८० ते २०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं, सगळं बलकात. पण शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं आणि खाण्यातून जास्त आलं तर बहुतेकांच्या बाबतीत स्वतःचं उत्पादन कमी करतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने १९६८ मध्ये आठवड्याला तीनच बलक खा म्हटलं होतं, त्याची भीती आपल्याकडे अजून टिकून आहे. त्याच संस्थेने २०१९ मध्ये निरोगी माणसाला रोज एक अख्खं अंडं चालेल असं सांगितलं. दरम्यान २०१५ च्या अमेरिकी आहार मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादाही गेली. दूरदर्शनवरची रोज अंडी खायला सांगणारी जाहिरात बघत आमची पिढी वाढली, पण ती अंडी विकणाऱ्यांची होती. मी तिच्यावरही विसंबत नाही.

काहींचं एलडीएल मात्र अंड्यांनी खरंच वाढतं. ते तुमच्यापुरतं तपासता येतं: टीएसएच नॉर्मल आलं तर सहा आठवडे अंडी थांबवा, बाकी काहीही बदलू नका, त्याच लॅबमध्ये पुन्हा लिपिड, म्हणजे कोलेस्टेरॉलची तपासणी, करा. फरक पडला तर तुम्ही त्यातले. बाकी काहीही बदलू नका हे महत्त्वाचं, नाहीतर माझ्यासारखी अंड्याची जागा खारी घेईल आणि दोष कुणाचा ते कळणार नाही. तपासणीच्या आदल्या रात्री लग्नाचं जेवण नको. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं तर रिपोर्टमधल्या बाकी आकड्यांवरून सूत्राने काढलेल्या एलडीएलला अर्थ उरत नाही, थेट मोजून घ्यावं लागतं.

मधुमेह असेल, वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हार्ट अटॅक आला असेल किंवा एलडीएल १९० च्या पुढे गेलं तर माझं हे सगळं सोडा आणि हृदयरोगतज्ज्ञांना भेटा. आनुवंशिक कोलेस्टेरॉल हे वेगळंच प्रकरण आहे.

आणि अंडं कशात शिजतंय ते बघा. गाडीवरची बुर्जी म्हणजे तव्यावर बटरचा गोळा, वरून पुन्हा बटर, त्यात भाजलेले तीन पाव. त्यातलं अंडं सर्वांत निरुपद्रवी. खाद्यतेल आणि वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली हे चांगलं झालं, पण संपृक्त चरबी त्यात राहतेच. घरी चमचाभर तेलात कांदा-टोमॅटो घालून करा, ज्वारीच्या भाकरीबरोबर खा. तुम्ही दोन खाता, रिपोर्ट येईपर्यंत मी असते तर एकावर आले असते, पण बलकासकट. बी-१२ बलकात असतं, आणि शाकाहारी घरातून आलेल्या आपल्यासारख्यांना ते बहुतेक वेळा कमीच असतं.

टीएसएच वाढलेलं निघालंच तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण ती मला केमिस्टने सांगितली, डॉक्टरांच्या घाईत राहून गेली होती. गोळी उठल्या उठल्या नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा किमान अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी घेत असाल तर त्यात चार तासांचं अंतर हवं. मी सकाळी सहाला गोळी घेते, अंडं साडेसातला.