वॉर्डातलं विचारा : फूटपाथवर झोपतात ते कुणाच्या खात्यात?

मागच्या अंकात पाणीपट्टीच्या उत्तरात जाता जाता एक ओळ लिहिली होती की महापालिकेची बेघर निवारा केंद्रं असतात, तर पाणीपट्टी राहिली बाजूला आणि या वेळची जवळजवळ सगळी पत्रं त्या एका ओळीवरच. काही चिडून लिहिलेली, काही मनापासून. त्यातली काही घेतेय, नावं गाळलीत.

ताई, आमच्या सोसायटीसमोर फ्लायओव्हरखाली चार-पाच कुटुंबं कायमची बसलीयेत. तिथेच चूल, तिथेच आंघोळ. कितीदा कंप्लेंट केली, अतिक्रमणची गाडी येते, सामान भरून नेते, आठवड्याभरात परत तेच. निवारे आहेत ना, मग यांना उचलून तिथे का नेत नाहीत? — एक वाचक, पुणे

तुमची तक्रार चुकीच्या टेबलावर गेलीये, पहिली गोष्ट ती. अतिक्रमण विभागाचं काम जागा मोकळी करणं एवढंच, माणूस पुढे कुठे गेला हे त्यांना कुणी विचारत नाही. निवाऱ्याचं काम पुण्यात समाज विकास विभागाकडे आहे, मुंबईत नियोजन विभागाकडे, बाकी शहरांत नाव वेगळं असेल पण 'एनयूएलएमचं, म्हणजे राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाचं, काम कोण बघतं' असं विचारलं की बरोबर माणसापर्यंत पोचता. तक्रार लिहायची ती तिथे, आणि 'हटवा' असं न लिहिता 'इथे इतकी कुटुंबं आहेत, इतकी लहान मुलं आहेत, समुदाय संघटकाला भेटायला पाठवा' असं लिहा, मग ती फाईल वेगळ्या रस्त्याने जाते.

आता उचलून नेण्याचं. निवारा म्हणजे कोठडी नाही, तिथे माणूस स्वतःच्या मर्जीने जातो आणि मर्जीने बाहेर पडतो. बरं, गेला तर काय होतं बघा. पुष्कळ निवारे पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे. नवरा-बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई असं कुटुंब असेल तर एक इकडे एक तिकडे, म्हणून ते म्हणतात नको, आम्ही पुलाखालीच बरे. दुसरं म्हणजे काम. फुलांचे गजरे करणारी बाई पहाटे मंडईत पोचायला हवी, नाक्यावर उभा राहणारा बिगारी सात-साडेसातला तिथे दिसला नाही तर त्या दिवसाची मजुरी गेली. निवारा शहराच्या दुसऱ्या टोकाला असेल तर रिक्षाभाड्यातच कमाई संपते. आणि सामान! चुलीवरचं पातेलं, ताडपत्री, पोरांची दप्तरं, हे सगळं घेऊन कॉटवर कसं राहणार. एनयूएलएमच्या नियमात प्रत्येकाला लॉकर द्यायचं लिहिलं होतं, पण लॉकरमध्ये मावणारा संसार नसतो ना तो.

'गाडी येते, सामान नेते' हे तुम्ही सहज लिहिलंय, पण त्या गाडीतच कागद जातात. आधार, मुलांचे शाळेचे दाखले, दवाखान्याची फाईल, सगळं एका पिशवीत असतं आणि ती पिशवी डंपरमध्ये. पुढे तेच कुटुंब कुठल्याही खिडकीवर गेलं की कागद आणा म्हणतात.

कायद्याचंही ऐकून ठेवा. १९८१ मध्ये मुंबईत भर पावसाळ्यात फूटपाथवरच्या लोकांना हटवायला घेतलं होतं, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८५ मध्ये ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल आला. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो असं पाच न्यायाधीशांनी म्हटलं. फूटपाथवर राहायचा हक्क मात्र दिला नाही, हटवता येतं असंच म्हटलं, पण पावसाळा संपेपर्यंत थांबा असंही सांगितलं. हा निकाल लोक दोन्ही बाजूंनी अर्धाच वापरतात.

आणि हो, 'पोलिसांना सांगून भिकारी म्हणून धरा' असा सल्ला तुमच्या ग्रुपवर कुणी दिला असेल तर तो ऐकू नका. १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे आहे, आणि त्याची व्याख्या इतकी ऐसपैस की उत्पन्नाचं साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतोय एवढ्यावरही माणूस त्यात बसवता येतो, पहिल्याच वेळेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये त्यातली बरीच कलमं रद्द केली, पण ती दिल्लीपुरती. तुमच्या पुलाखालचे लोक भीक मागत नाहीत, गजरे विकतात, तुम्हीही कधीतरी घेतला असेल.

निवाऱ्यात पैसे घेतात का हो? — ठाणे

एनयूएलएमच्या नियमांत असं होतं की ज्याला परवडतं त्याच्याकडून त्याच्या कमाईच्या विसाव्या ते दहाव्या भागापर्यंत घेता येतात, पण पैसे नाहीत म्हणून कुणालाही परत पाठवता येत नाही. केंद्र चोवीस तास आणि बाराही महिने उघडं हवं. 'फक्त रात्री आठ ते सकाळी सात' अशी पाटी दिसली तर फोटो काढून त्याच एनयूएलएमवाल्यांना पाठवा.

आमच्या दुकानाच्या ओट्यावर एक आजोबा झोपतात, सत्तरीचे असतील. हातगाडी ओढायचे, आता जमत नाही. आधार नाही, रेशन नाही, मतदान कधी केलेलं नाही. मी दाखल्यांसाठी फिरलो तर सगळीकडे 'पत्ता काय?' माझ्या दुकानाचा पत्ता देऊ का? — नाशिक

भाऊ, मन मोठं आहे तुमचं पण दुकानाचा पत्ता देऊ नका, उद्या दुकान विकलंत किंवा भाऊबंदकीत काही झालं तर आजोबांचे कागद परत लटकले. आणि गरजही नाही. ही सगळी बेघरांची गोष्ट शेवटी पत्त्यावर येऊन अडते, आणि मला चीड याची येते की बिनपत्त्याच्या माणसाचं काय करायचं हे नियमात ऑलरेडी लिहिलेलं आहे, खिडकीवरच्या माणसाला ते माहीत नसतं किंवा माहीत असून सांगायचं नसतं.

आधारपासून सुरू करा. आधी खात्री करा की आधार कधीच काढलेलं नाही, का काढलं होतं आणि हरवलं. पुष्कळ म्हाताऱ्या लोकांचं कुठल्यातरी कॅम्पमध्ये निघालेलं असतं आणि त्यांच्या लक्षात नसतं, अशा वेळी नवीन फॉर्म भरला की तो रिजेक्ट होतो आणि महिने जातात. आधार सेवा केंद्रात बायोमेट्रिकवर जुनं शोधता येतं. हातगाडी ओढून बोटांचे ठसे झिजले असतील तर डोळ्यांच्या स्कॅनचा आग्रह धरा, ठसे येत नाहीत म्हणून परत पाठवतील, ऐकू नका. खरंच नसेल तर यूआयडीएआयचा, म्हणजे आधार देणाऱ्या प्राधिकरणाचा, ठरलेल्या नमुन्यातला दाखला असतो, त्यावर फोटो लावून नगरसेवक, आमदार, खासदार किंवा तहसीलदारासारख्या अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्यायचा. मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखालाही तिथे राहणाऱ्यासाठी असा दाखला देता येतो, म्हणून आजोबा निवाऱ्यात जायला तयार असतील तर हे काम सोपं होतं. दाखला तीनच महिने चालतो हे लक्षात ठेवा, घेऊन घरी ठेवू नका. अठरा वर्षांवरच्या नव्या आधारची राज्य सरकारकडून वेगळी पडताळणी होते, तेव्हा लगेच येणार नाही, पावती जपून ठेवा आणि तिचा फोटो तुमच्या मोबाईलमध्येही असू द्या.

२०२२ पासून आपल्या बहुतेक महापालिकांत प्रशासकच होते, नगरसेवकच नव्हते, तेव्हा ही सही मागायला लोक माजी नगरसेवकाच्या दारात जायचे आणि माजीची सही चालायची नाही. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर आता नवे आलेत, नवीन नवीन आहेत तोवर फोन उचलतात, पटकन उरकून घ्या.

मतदार नोंदणी तर त्याहून सोपी, म्हणजे कागदावर तरी. फॉर्म ६ भरायचा आणि जिथे झोपतात ती जागा लिहायची, अमुक दुकानाचा ओटा, तमुक रोड. मग बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बूथच्या अधिकाऱ्याने, रात्री तिथे यायचं, एकापेक्षा जास्त रात्री, आणि माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघायचं. दिसला की पत्त्याचा वेगळा पुरावा लागत नाही, हा निवडणूक आयोगाचाच नियम आहे. बीएलओ म्हणजे बहुतेकदा शाळेतल्या बाई किंवा अंगणवाडीताई असतात, त्यांना रात्री अकराला एकटीने यायला सांगणं हेही बरोबर नाही, तेव्हा तुम्ही दुकान बंद करायच्या वेळेला बोलवा आणि स्वतः थांबा.

संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळचं तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल. महिना १५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. अडचण अशी की वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला आणि महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचा पुरावा मागतात, आता ओट्यावर झोपणाऱ्याने १५ वर्षांचा पुरावा आणायचा कुठून, हे ज्याने नियम लिहिला त्यालाच विचारायला हवं. इथे मात्र माझ्याकडे सोपा रस्ता नाही. जुना हमाल-माथाडीचा बिल्ला, सरकारी दवाखान्याचा जुना केसपेपर, गावच्या शाळेचा दाखला, जे मिळेल ते जोडा आणि तहसीलदारांना प्रत्यक्ष भेटा.

तोवर पोटाचं म्हणाल तर जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर बघा, १० रुपयांत दोन चपात्या, वाटीभर भाजी, वाटीभर वरण आणि भाताची मूद. तिथे पत्ता विचारत नाहीत.

आमचा टॅक्स. त्यातून यांना फुकट खाट, गादी, पंखा. किती दिवस? — नागपूर

चिडू नका काका, हिशोब मांडते. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात निकष असा होता की दर एक लाख लोकसंख्येमागे १०० माणसांची सोय हवी, माणशी ५० चौरस फूट. नागपूरची लोकसंख्या २०११ मध्ये २४ लाख, म्हणजे २४०० माणसांची जागा. मुंबईला १ कोटी २४ लाखांच्या हिशोबाने शंभर-शंभर जणांचे १२४ निवारे लागले असते. तुमच्या शहरात किती आहेत ते मोजा आणि मग टॅक्स जास्त जातोय का कमी ते ठरवा. शिवाय त्या योजनेत आधी ७५ टक्के, नंतर ६० टक्के पैसा केंद्राचा होता, तो न वापरता परत गेला तर तुमचा टॅक्स काही वाचत नव्हता. ही योजना सप्टेंबर २०२४ मध्ये संपली, सुप्रीम कोर्टात बेघरांची केस चालूच आहे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने तिथे सांगितलं की नवं शहरी गरिबी निर्मूलन अभियान आणतोय. तेव्हा आता महापालिकेच्या बजेटमध्ये या हेडखाली किती रक्कम टाकलीये हे बघायची वेळ आहे, टॅक्स भरणाऱ्यानेच बघावं. आणि 'यांना' म्हणजे कोण? रोज सकाळी तुमच्या बांधकाम साइटवर, कॅटरिंगवाल्याकडे, लग्नाच्या वरातीत डोक्यावर लाईट घेऊन जे असतात त्यातले पुष्कळ.

बसस्टँडवर एक बाई दिसते, स्वतःशी बोलते, कपड्यांची शुद्ध नसते. रात्रीची भीती वाटते तिची. कुणाला फोन करू? — सोलापूरहून एक विद्यार्थिनी

११२ ला फोन कर आणि 'मानसिक आजारी, निराधार महिला आहे, मेंटल हेल्थकेअर अॅक्टचं कलम १०० लागू होतं' असं स्पष्ट बोल, महिला पोलीस पाठवा असंही सांग. २०१७ चा हा कायदा म्हणतो की अशा व्यक्तीला संरक्षणात घेणं पोलिसांचं काम आहे, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, आणि ती बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरचे शोधायचे. 'आमचं काम नाही' म्हणाले तर हवालदाराशी हुज्जत न घालता पोलीस ठाण्याच्या प्रमुखांकडे लेखी अर्ज दे आणि पोच घे. १८१ ही महिला हेल्पलाईनही आहे. पुढच्या पुनर्वसनाचं काम करणाऱ्या संस्था आपल्या राज्यात आहेत, कर्जतचं श्रद्धा फाउंडेशन, ज्याचे डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला, आणि नगरजवळची माऊली, जिथे अशाच महिलांना सांभाळतात. पण आधी पोलीस नोंद आणि दवाखाना, थेट गाडीत घालून संस्थेच्या दारात सोडू नका. तू एकटी तिच्या जवळ जाऊ नकोस, चहा द्यायचा असेल तर स्टँडवरच्या टपरीवाल्याला सांग, त्याला ती ओळखत असेल.

कॉलेजच्या ग्रुपने डिसेंबरमध्ये ब्लँकेट वाटणार आहोत. टिप्स? — पिंपरी

वाटू नका म्हणत नाही, पण डिसेंबरमध्ये एकेका माणसाला चार ब्लँकेट मिळतात आणि जूनमध्ये एक ताडपत्री मिळत नाही. तुम्ही जूनमध्ये जा. चपला न्या, मापाच्या. सॅनिटरी पॅड न्या. आणि संध्याकाळी एक तास बसून फोन चार्ज करून द्यायची सोय केलीत तर लोक दुवा देतील, कारण मुकादमाचा फोन आला नाही की काम गेलं. फोटो काढू नका, प्लीज.

आमच्या शाळेच्या बंद इमारतीत निवारा करायचा प्रस्ताव आहे, गल्लीतले सह्या गोळा करतायत की नको. मला वाटतं व्हावा. त्यांच्या विरोधात एकटी पडलेय. — कोल्हापूर

ताई, सह्या करणाऱ्यांना आधी विचारा की नेमकी भीती कशाची. 'मुलीबाळी आहेत' असं म्हणतील. मग निवारा महिला आणि कुटुंबांसाठी करा अशी मागणी तुम्हीच पुढे करा, निम्मा विरोध तिथेच बसतो, आणि गरजही त्याचीच जास्त आहे. निवारे स्टेशन, बसस्टँड, बाजार यांच्या जवळ असावेत असं योजनेच्या सूचनांमध्येच होतं, गावाबाहेर बांधला की रिकामा राहतो आणि मग 'बघा, कुणी येतच नाही' म्हणून बंद करतात.

प्रस्ताव कुठे अडकलाय हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. बेघरांचा शेवटचा सर्व्हे कधी झाला त्याची प्रत, सध्या शहरात निवारे किती आणि क्षमता किती, चालवायला कुठल्या संस्थेशी करार आहे आणि तो कधी संपतो, एवढंच विचारा. एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत बसवा, आपल्या राज्याचा नियम आहे तो, लांबलचक लिहिलंत तर त्याच कारणाने परत करतील. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला स्टॅम्प २० रुपयांचा.