‘लॉक काढून देतो’ म्हणजे नक्की काय काढून देतात?

या वेळचे प्रश्न अडकलेल्या फोनचे आणि हरवलेल्या फोटोंचे आहेत.

प्रश्न : आईने अँड्रॉइड फोनचा पॅटर्न बदलला आणि दुसऱ्याच दिवशी विसरली. मोबाइलवाला म्हणतो, ‘पाचशे रुपयांत लॉक काढून देतो.’ फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅप राहील का?
– एक वाचक, इचलकरंजी

राहणार नाही. दुकानात लॉक ‘काढतात’ म्हणजे बहुतेक वेळा पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरी मेनूत जातात आणि फोन पूर्ण पुसून टाकतात. पूर्वीच्या फोनमध्ये पुसलेलं थोडंफार परत काढता यायचं. आताच्या फोनमध्ये सगळा डेटा एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात असतो आणि त्याची किल्ली फोनमधली चिप आणि तुमचा पॅटर्न मिळून तयार होते. रीसेट केलं की ही किल्लीच नष्ट होते. मग मागे उरतो तो निव्वळ अर्थहीन आकड्यांचा ढीग. त्यामुळे ‘आधी रीसेट करू, डेटा नंतर रिकव्हर करू’ असं कुणी म्हणालं तर फोन उचलून घरी या.

आत्ता सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फोन बंद करू नका, रीस्टार्ट करू नका, चार्जिंग संपू देऊ नका. सुरू झाल्यापासून एकदा तरी उघडलेला फोन लॉक असतानाही आतून काम करत असतो. घरच्या वायफायवर रात्रभर चार्जिंगला लावा. गूगल फोटोजचा बॅकअप चालू असेल तर राहिलेले फोटो वर जातील. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप रोजचा लावलेला असेल तर तो पहाटे दोनच्या सुमारास होतो. फोन एकदा बंद झाला की पुन्हा पॅटर्न टाकेपर्यंत यातलं काहीच होत नाही.

बोटाचा ठसा लावलेला आहे का, तेही बघा. ठशाने फोन उघडत असेल तर आजच उघडा आणि सगळं बाहेर काढा. अँड्रॉइड ७२ तासांतून एकदा तरी पॅटर्न मागतोच, आणि रीस्टार्टनंतर तर हमखास. ठशाने आत गेल्यावर नवा पॅटर्न लावून टाकू, हा बेत मात्र फसतो, कारण बदलताना जुना पॅटर्न विचारला जातो. सॅमसंगचा फोन असेल आणि ‘रिमोट अनलॉक’ आधीपासून चालू असेल, तर सॅमसंगच्या फोन शोधण्याच्या साइटवरून डेटाला धक्का न लागता कुलूप निघतं.

यातलं काहीच जमलं नाही तर रीसेटआधी झडती घ्या. संगणकावर आईच्या गूगल खात्याने आत जा आणि फोटोज, कॉन्टॅक्ट्स नि ड्राइव्ह उघडा. ड्राइव्हमध्ये ‘स्टोरेज’वर गेलं की ‘बॅकअप्स’ असा दुवा दिसतो. तिथे फोनचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते कळतं. गॅलरीतला शेवटचा ओळखीचा फोटो गूगल फोटोजमध्ये दिसतोय का, तेवढं पाहिलं तरी पुरतं.

खात्याचा पासवर्डही आठवत नसेल तर तो रीसेटच्या आधी मिळवा, आणि घरच्याच वायफायवरून, ज्या संगणकावर ते खातं पूर्वी उघडलं होतं त्यावरून. गूगल हे दोन्ही बघतं. पासवर्ड बदलल्यावर २४ तास थांबा, कारण नुकताच बदललेला पासवर्ड रीसेट केलेल्या फोनवर लगेच चालत नाही. मेनूतून पुसलेला फोन सुरू होताना जुनंच खातं मागतो. चोराला तो फोन वापरता येऊ नये म्हणून अँड्रॉइड ५.१ पासून ही सोय आहे. आईचं खातं सापडलं नाही तर ती आईलाच अडवेल.

प्रश्न : आयफोनचा पासकोड कालच बदलला, आज आठवत नाही. जुना आठवतो.
– एक वाचक, ठाणे

आयओएस १७ किंवा त्यापुढचं असेल तर वाचलात. पासकोड बदलल्यापासून ७२ तासांच्या आत चुकीचे प्रयत्न झाले की खाली ‘फरगॉट पासकोड’ येतं. त्यात जुना पासकोड टाकण्याचा पर्याय आहे. तिथून लगेच नवा लावा. ७२ तास उलटल्यावर पुसण्याशिवाय मार्ग नाही, आणि पुसल्यावर अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड लागतोच.

प्रश्न : बहिणीने व्हॉट्सअ‍ॅप काढून पुन्हा टाकलं आणि ‘रिस्टोअर’ विचारल्यावर घाईत ‘स्किप’ केलं. सात वर्षांच्या गप्पा गेल्या का?
– एक वाचक, मडगाव

अजून नाही, पण आज रात्रीच्या आत हालचाल करा. उशीर केला तर पहाटेचा बॅकअप आताच्या रिकाम्या गप्पांचा होईल आणि चांगल्या बॅकअपवर जाऊन बसेल.

आधी फोनचं इंटरनेट बंद करा. फाइल मॅनेजरमधून अँड्रॉइड, मीडिया, व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर, त्यात डेटाबेसेस, असं आत जा. ते डेटाबेसेस फोल्डर अख्खं संगणकावर कॉपी करून ठेवा. ही पायरी चुकवू नका. त्यात साधारण मागच्या सात दिवसांच्या फाइल्स असतात. नावात तारीख नसलेली फाइल ताजी आणि तारखा असलेल्या जुन्या. ताज्या फाइलचा आकार जुन्यांपेक्षा एकदम लहान दिसला तर समजा की ती रिकामी आहे. तिचं नाव बदलून ठेवा आणि हव्या त्या दिवसाच्या फाइलच्या नावातला तारखेचा तुकडा काढून टाका. शेवटचे क्रिप्ट १४, क्रिप्ट १५ हे आकडे जसेच्या तसे राहू द्या. मग अ‍ॅप काढा, पुन्हा टाका, उघडण्याआधी फोल्डर जागेवर आहे ना ते बघा, तोच नंबर द्या आणि या वेळी ‘रिस्टोअर’ दाबा. गूगल खात्यात स्किप करण्याआधीचा बॅकअप असेल तर एवढा खटाटोप नको, सरळ तोच घ्या.

एक अडचण येऊ शकते. बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावलेली असेल आणि ती हरवली असेल, तर कंपनीलाही तो उघडता येत नाही.

प्रश्न : साखरपुड्याचे फोटो असलेलं ६४ जीबीचं कार्ड चुकून कॅमेऱ्यातच फॉरमॅट झालं. नंतर तीन-चार फोटो काढले.
– एक वाचक, सांगली

त्या तीन-चार फोटोंनी थोडं नुकसान केलं असेल, बाकीचं बहुतेक शिल्लक आहे. कॅमेऱ्यातलं साधं फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच असतात. (मेनूत ‘लो लेव्हल फॉरमॅट’वर खूण केली असेल तर पानंही कोरी.)

कार्ड काढा. डाव्या कडेची छोटी पट्टी ‘लॉक’कडे सरकवा म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. कार्ड रीडरने संगणकाला जोडा. विंडोजने ‘फॉरमॅट करायचं का?’ विचारलं तर नाही म्हणा. संगणकावर किमान १३० जीबी जागा मोकळी हवी, ६४ कार्डाच्या हुबेहूब प्रतीसाठी आणि तेवढीच निघणाऱ्या फाइल्ससाठी. आधी प्रत करा आणि काम त्या प्रतीवर करा. जुनं कार्ड वारंवार वाचताना मध्येच मान टाकतं.

त्यानंतर फोटोरेक हा पुसलेल्या फाइल्स परत काढणारा प्रोग्रॅम चालवा. ते फुकट आहे. काळ्या पडद्यावर चालतं, दिसायला रुक्ष, पण पैसे घेऊन तेच काम करणाऱ्या चकचकीत प्रोग्रॅम्सपेक्षा माझा भरवसा त्याच्यावर जास्त. फाइल्सच्या प्रकारात फक्त जेपीजी आणि तुमच्या कॅमेऱ्याचा रॉ प्रकार ठेवा. नाहीतर हजारो निरुपयोगी तुकडे निघतात. निघालेल्या फाइल्स त्याच कार्डावर कधीही साठवू नका. मूळ नावं मिळणार नाहीत. फोटोच्या आत नोंदलेल्या वेळेवरून क्रम लावून घ्या. व्हिडिओंची मात्र फार आशा धरू नका. मोठी फाइल कार्डावर तुकड्यातुकड्यांत पसरलेली असेल तर निघते, पण चालत नाही.

हे सगळं कार्डाबद्दल झालं. लॅपटॉपच्या एसएसडीवरून पुसलेल्या फाइलला हाच न्याय लावू नका. तिथे ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा मागच्या मागे रिकामी करत असते.

प्रश्न : बायोस अपडेटनंतर लॅपटॉप निळ्या पडद्यावर ‘बिटलॉकर रिकव्हरी की’ मागतोय. मी असं काही लावलंच नव्हतं!
– एक वाचक, पुणे

बिटलॉकर म्हणजे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप. तुम्ही लावलं नसेल, पण मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेलात तेव्हा अनेक लॅपटॉपवर ते आपोआप लागतं. बायोस (लॅपटॉप सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) किंवा मदरबोर्ड बदलला की लॅपटॉपला यंत्र परकं वाटतं आणि तो किल्ली मागतो. ही किल्ली ४८ अंकी असते, सहा-सहा अंकांचे आठ गट. मोबाइलवरून त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की बघा. अनेक किल्ल्या दिसतील. पडद्यावरच्या ‘की आयडी’ची पहिली आठ अक्षरं जुळतील ती तुमची. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या खात्याने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला असेल तर ती त्यांच्या खात्यात असते. पुष्कळांचं घोडं इथेच अडतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाला विचारा. किल्ली कुठेच नसेल तर डिस्क पुसावी लागते.

प्रश्न : वडील गेले. त्यांचा फोन लॉक आहे. त्यात फोटो आहेत, बँकेचंही काही असेल.
– एक वाचक, अकोला

अंदाजाने पिन टाकत बसू नका. सिम मात्र चालू ठेवा. ९० दिवस वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो, आणि पुढच्या बहुतेक वाटा त्या नंबरवरच्या ओटीपीतून जातात. मृत्यूचा दाखला घेऊन कंपनीच्या दुकानात नंबर वारसाच्या नावावर करून घ्या.

बँकेसाठी फोनची गरजच नाही. दाखला आणि नॉमिनीची कागदपत्रं घेऊन शाखेत जा. फोन उघडला तरी त्यांच्या यूपीआयवरून पैसे काढू नका. उद्या भावंडांत त्यावरून प्रश्न उभा राहतो.

फोटोंसाठी गूगलकडे मृत व्यक्तीच्या खात्याबाबत अर्ज करता येतो. ते पासवर्ड देत नाहीत, काही बाबतींत खात्यातला मजकूर देतात, आणि वेळ लागतो. आयफोन असेल आणि वडिलांनी कुणाला ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमलं असेल, तर त्या व्यक्तीकडची अ‍ॅक्सेस की आणि मृत्यूचा दाखला यांवर आयक्लाउडमधले फोटो मिळतात. फोनचा पासकोड तरीही उघडत नाही. घरातला जुना संगणक किंवा टॅब तपासा. अनेकदा वडिलांचं खातं त्यावर उघडंच असतं आणि फोटो तिथेच सापडतात.

प्रश्न : पोर्टेबल हार्ड डिस्क पडली. आता टकटक आवाज येतो. फ्रीजरमध्ये ठेवली तर चालते म्हणतात.
– एक वाचक, नाशिक

ठेवू नका. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. टकटक म्हणजे वाचणारा काटा जागा शोधतोय आणि ती त्याला सापडत नाहीये. दर वेळी वीज दिली की तबकडीवर ओरखडे वाढू शकतात. केबल काढा आणि पुन्हा जोडू नका. डिस्क उघडण्यासाठी धूळविरहित खोली लागते, म्हणून ते काम प्रयोगशाळेचं. देण्याआधी ‘डेटा मिळाला नाही तर पैसे किती?’ हे लेखी घ्या.