चित्र दिसत नाही, म्हणजे आठवत नाही?

"मॅडम, वाचते, पण डोळ्यांसमोर काहीच येत नाही." मी समुपदेशक आहे; जानेवारी उजाडला की हे वाक्य माझ्याकडे हमखास येतं. कधी बारावीचं पोर बोलतं, कधी त्याची आई. त्यातल्याच एका मुलीची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आईनं आल्या आल्या फाइल पुढे केली. बोटांच्या ठशांवरून केलेल्या कुठल्याशा चाचणीचा अहवाल होता. "ही उजव्या मेंदूची आहे म्हणे. चित्रांतून शिकवा असं लिहिलंय. रंगीत पेनं आणली, भिंतीवर तक्ते लावले. तरी पेपरात कोरी!"

मी मुलीला विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"सर म्हणतात, डोळे मिटा, हृदयाची आकृती बघा. सगळ्यांना दिसते. मला नुसता काळोख." मग खाली बघत म्हणाली, "आजी जाऊन वर्ष झालं. तिचा चेहरापण दिसत नाही. मी तिला विसरले का हो?"

जीवशास्त्राच्या मार्कांमागे हे दडलं होतं. पुढच्या दोन-तीन भेटी आम्ही आजीबद्दलच बोललो. अभ्यास बुडतोय म्हणून आई अस्वस्थ होती, पण मी घाई केली नाही. एका भेटीत मी म्हटलं, "आजीच्या ओट्यासमोर उभी आहेस असं समज. मिसळणाचा डबा कुठे?"

"उजव्या हाताला, खिडकीखालच्या फळीवर."

"हळद?"

"मधल्या वाटीत. शेजारी मोहरी. मोहरीची वाटी एका बाजूनं चेपलेली होती, झाकण नीट बसायचं नाही." बोलताना तिचा हात झाकण दाबल्यासारखा हलला.

"आत्ता हे दिसलं तुला?"

"नाही." मग बराच वेळ गप्प. "पण मला माहितेय. सगळं माहितेय."

ती रडली आणि हसलीही. इतकी वर्षं या खुर्चीत बसल्यावर मला कळतं की अशा वेळी समुपदेशकानं गप्प राहायचं असतं. मी राहिले. स्मृती म्हणजे मनात टांगलेला फोटो नव्हे, हे मी कितीही समजावलं असतं तरी तिला पटलं नसतं. तिच्याच तोंडून ते निघालं, म्हणून पटलं.

ही काही नवी गोष्ट नाही. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्येच लोकांना सकाळचं न्याहारीचं टेबल आठवायला सांगितलं होतं. कुणाला ते लख्ख दिसलं, कुणाला अजिबात नाही. आणि न दिसणाऱ्यांत नावाजलेले शास्त्रज्ञ होते. २०१५ मध्ये मेंदूविकारतज्ज्ञ अ‍ॅडम झेमन आणि सहकाऱ्यांनी मनात चित्र न दिसण्याच्या या वेगळेपणाला 'अफँटेशिया' हे नाव दिलं. तो आजार नाही. मात्र आधी चित्रं दिसत होती आणि डोक्याला मार लागल्यावर किंवा आजारपणानंतर ती अचानक गेली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना जरूर दाखवा.

आणि ती फाइल? मेंदूच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांच्या, म्हणजे गोलार्धांच्या, कामांत फरक आहे, हे खरं. अपस्मारावरचा (फिट्स येण्याच्या आजारावरचा) उपाय म्हणून ज्यांच्या दोन गोलार्धांमधला दुवा कापावा लागला, अशा रुग्णांवर मेंदूशास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी ते दाखवलं आणि १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्यावरून माणसांचे 'उजवे' आणि 'डावे' असे गट पाडता येत नाहीत. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात २०१३ मध्ये हजारावर लोकांच्या मेंदूंच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा असे गट सापडले नाहीत. उलट मानसशास्त्रज्ञ मार्था फारा यांनी १९८४ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी अभ्यासून मांडलं, की मनात चित्र उभं करण्याचं काम डाव्या गोलार्धाच्या मागच्या भागाशी जोडलेलं दिसतं. 'उजवा म्हणजे चित्रं' हे गणित तिथंच डळमळतं. पालकांनो, असल्या अहवालावर मुलाची शाखा ठरवू नका. मी हे कळवळून सांगते आहे.

मग कोरी होण्याचं काय? तिची वही चाळली आणि उलगडलं. ती धडा चारचारदा वाचायची, पण पुस्तक मिटून एकदाही आठवून बघायची नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा चार सत्रांत वाचला; दुसऱ्यानं एका सत्रात वाचून तीन सत्रांत आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. वाचताना 'येतंय' असं वाटतं, तिथंच मुलं फसतात.

तिला मी एवढंच सांगितलं: पुस्तक मीट, कोऱ्या कागदावर येईल ते लिही, मग चुका बघ. आकृती डोळे मिटून बघू नकोस, हातानं काढ. रक्ताचा प्रवास बोट फिरवत मोठ्यानं सांग. आईला सांगितलं, तक्ते उतरवा आणि रोज दहा मिनिटं तिच्याकडून धडा ऐका. मध्ये अडली तर लगेच सांगू नका, थांबा.

फेब्रुवारीत ती आली आणि टेबलावर बोट फिरवत उजव्या कर्णिकेपासून महाधमनीपर्यंत न अडखळता गेली. निघताना तिनं विचारलं, "मॅडम, तुम्हाला तुमच्या आजीचा चेहरा दिसतो?"

"दिसतो."

"आणि तिच्या मोहरीची वाटी कशी होती?"

मला सांगता आलं नाही.