लॅम्डाची विचित्रता उणे एक का?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं कणांचं कोष्टक तपासलं. विद्युतभार, स्पिन, बॅरिऑन अंक, आयसोस्पिन, विचित्रता. कुठेही चूक नाही. खाली मात्र लिहिलंयस, ‘पाठ झालंय, पण समजलं नाही.’ समजणार तरी कसं? कोष्टकात नुसती उत्तरं उरलेली असतात. ज्या प्रश्नांसाठी हे अंक मांडावे लागले, ते त्यात कुठेच नसतात.

म्हणून सध्या एकच पुंजांक (कणाचा गुणधर्म सांगणारा अंक) घे, विचित्रता. 1947 मध्ये मँचेस्टरचे भौतिकशास्त्रज्ञ रोचेस्टर आणि बटलर यांनी क्लाउड चेंबरमधले, म्हणजे भारित कणांचे माग बाष्पात दाखवणाऱ्या उपकरणातले, दोन फोटो प्रसिद्ध केले. एकात इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा माग होता. न दिसणारा, भाररहित कण मधेच मोडून त्यातून दोन भारित कण फुटले होते. पुढे असे कण आणखी सापडले, लॅम्डा त्यांपैकीच. कोडं असं की पुरेशा ऊर्जेचा पायॉन (प्रोटॉनहून हलका एक कण) प्रोटॉनवर आदळला की लॅम्डा सहज तयार होतो, म्हणजे त्याला घडवणारं बल प्रबल, अणुकेंद्र बांधून ठेवणारं. मग त्याच बलाने तो साधारण 10⁻²³ सेकंदात मोडायला हवा. प्रत्यक्षात टिकतो सुमारे 2.6 × 10⁻¹⁰ सेकंद. अपेक्षेच्या दहा लाख कोटी पटींहून जास्त! या आकड्याजवळ जरा थांब, पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

आता वही काढ. ऋण पायॉन अधिक प्रोटॉन, त्यातून भाररहित केऑन (असाच नव्याने सापडलेला एक कण) अधिक लॅम्डा. भार दोन्हीकडे शून्य, बॅरिऑन अंक (प्रोटॉन, लॅम्डा यांना एक, पायॉन-केऑनना शून्य) दोन्हीकडे एक. ही क्रिया घडते. आता केऑनच्या जागी भाररहित पायॉन लिही. भार जुळतो, बॅरिऑन अंक जुळतो, ऊर्जा तर आणखी कमी लागते. तरीही प्रबल बलाने ही क्रिया होत नाही. जे व्हायला काहीच आडकाठी दिसत नाही ते होत नसेल, तर आपल्या हिशेबात एक रकाना कमी आहे. भौतिकशास्त्रज्ञ पाइस यांनी 1952 मध्ये सुचवलं की हे कण जोडीनेच जन्मतात. 1953 मध्ये अमेरिकेत गेल-मान यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानमध्ये नाकानो व निशिजिमा यांनी, तो रकाना, म्हणजे विचित्रता, मांडला: भाररहित आणि धन केऑनला अधिक एक (ऋण केऑन हा धन केऑनचा प्रतिकण, त्याला उणे एक), लॅम्डाला उणे एक, पायॉन-प्रोटॉनला शून्य. प्रबल बल ही बेरीज मोडत नाही. दुर्बल बल मोडतं, पण सावकाश. म्हणून लॅम्डा इतका टिकतो.

स्ट्रेंज क्वार्कची विचित्रता उणे एक का, हेही तू विचारलंस. चिन्हं 1953 मध्येच ठरली होती, क्वार्कची, म्हणजे हे कण ज्यांचे बनतात त्या घटकांची, कल्पना आली 1964 मध्ये. तिला जुनी चिन्हं सांभाळून घ्यावी लागली. यात खोल अर्थ शोधू नकोस.

आयसोस्पिनचं पुढच्या पत्रात लिहीन. तोवर ओमेगा ऋण कण सोडव. विचित्रता उणे तीन असलेला हा कण गेल-मान यांनी 1962 मध्ये, तो कुणी पाहिलेला नसताना, वर्तवला होता. त्याच्या कुटुंबातले कण विचित्रतेच्या पायऱ्यांवर साधारण 150 एमईव्हीच्या (कणांचं वस्तुमान मोजायचं ऊर्जेचं एकक) अंतराने बसत होते आणि खालची जागा रिकामी होती. 1964 मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या बबल चेंबरमध्ये (द्रवातल्या बुडबुड्यांनी माग दाखवणारं उपकरण) तो सापडला, वस्तुमान सुमारे 1672 एमईव्ही. ऋण केऑन प्रोटॉनवर आदळून तो जन्मला, सोबत धन केऑन आणि भाररहित केऑन. भार, बॅरिऑन अंक, विचित्रता, तिन्ही बेरजा कर. मग पुढचं बघ: ओमेगातून क्साय (विचित्रता उणे दोन असलेला कण), क्सायमधून लॅम्डा, लॅम्डातून प्रोटॉन. दर टप्प्याला विचित्रता एकनेच का बदलते, आणि ओमेगा थेट क्साय व केऑनमध्ये का मोडत नाही? दुसऱ्या प्रश्नासाठी क्साय 1315 आणि केऑन 494 एमईव्ही धर.

उत्तर चुकलं तरी खोडू नकोस, तसंच पाठव.

तुझा,
सर