वाचकांचे प्रश्न: पाळक नसलेला रविवार, कापणीचा सण आणि दवाखान्यातली भेट

प्रश्न: आमची मंडळी (चर्च) नेवासे तालुक्यातली, पस्तीसेक घरांची. त्यातली बरीच घरं आता पुण्या-पिंपरीला गेली. पाळकसाहेबांकडे पाच गावं, त्यामुळे आमच्याकडे त्यांचं येणं महिन्यातून एकदाच होतं. इतर रविवारी कधी उपासना होते, कधी दोन-चार गाणी म्हणून लोक घरी जातात. यावर काय करावं?

उत्तर: पाळक आले नाहीत म्हणून उपासना थांबली, अशी नगर भागातल्या मंडळ्यांची जुनी रीत नाही. अमेरिकन मराठी मिशनचं काम १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली अहमदनगरला सुरू झालं. पुढे खेड्यांत मंडळ्या टिकल्या त्या मोठ्या प्रमाणावर मिशन शाळांच्या मास्तरांमुळे. आठवडाभर मुलं शिकवायची आणि रविवारी उपासना चालवायची, ही दोन्ही कामं त्यांच्याकडे असत. प्रभुभोजनासाठी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीसाठी, दीक्षा मिळालेले पाळक हवेत. वाचन, गायन, प्रार्थना आणि संदेश यांसाठी मात्र तयारी केलेली माणसं पुरेत.

उपासना विस्कटते ती एका सवयीमुळे: रविवारी सकाळी जो उभा राहील तो बोलणार. त्याऐवजी महिन्याच्या पहिल्या रविवारीच पुढच्या चार रविवारांचा तक्ता मंदिराच्या (चर्चच्या) दारावर लावा. प्रत्येक रविवारी चार वेगळी माणसं हवीत. एकानं चालवायचं, एकानं वाचायचं, एकानं प्रार्थना करायची, एकानं संदेश द्यायचा. त्यात निदान एक बाई आणि एक विशीतलं पोर असावं. बायबलमधला शास्त्रभाग पाळकांकडून आधीच ठरवून घ्या, म्हणजे आपल्या आवडीची तीच तीन वचनं वर्षभर फिरत राहत नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी हे चौघं अर्धा-पाऊण तास एकत्र बसोत. शास्त्रभाग तीनदा मोठ्यानं वाचायचा. पहिल्या वाचनात कोण कोणाशी बोलतंय ते पाहायचं, दुसऱ्यात अडलेले शब्द, आणि तिसऱ्यानंतर संदेश देणाऱ्यानं आपला मुद्दा एका वाक्यात सांगायचा. तो एका वाक्यात मावला नाही तर रविवारी चाळीस मिनिटांतही मावणार नाही. संदेश पंधरा मिनिटांत आटोपावा. सबंध उपासना तासाभरात झाली तर शेतावर जाणारी माणसंही शेवटपर्यंत थांबतात.

मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना सगळ्यात जास्त ढिसाळ होते, कारण ती कागदावर नसते. दारात एक वही ठेवा, येणाऱ्यानं तीत नाव आणि गरज लिहावी. कोणाचं ऑपरेशन, कोणाची बारावी, कोणाच्या विहिरीचं आटलेलं पाणी. गावातल्या इतर धर्मांच्या शेजाऱ्यांची दुखणीही त्यात यावीत. प्रार्थना करणाऱ्यानं ही नावं वाचून प्रार्थना करावी आणि पुढच्या रविवारी त्यांतल्या दोघा-तिघांची खबर मंडळीला द्यावी. ज्याचं नाव घेतलं त्याच्या घरी त्या आठवड्यात कोणी तरी जाऊन यायलाच हवं.

प्रश्न: तरुण संघ फक्त हिंदी गाणी म्हणतो. वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ या पुस्तकातली जुनी मराठी भजनं हवी असतात. दर रविवारी यावरून कुरबुर होते.

उत्तर: ही कुरबुर पिढ्यांची वाटते, पण तिचं मूळ बहुतेक वेळा पेटीवर असतं. पेटी वाजवणारा स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो आणि निम्मी मंडळी गप्प होते. मिश्र मंडळीसाठी पांढरी एक ते काळी एक ही पट्टी बरी. अंतरा तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) जात असेल तर काळी एकच्या वर मुळीच जाऊ नका. पुरुषांचे आवाज तिथे तुटतात. दुसरी अडचण लयीची. जुनी भजनं ओढून ओढून म्हटली की तरुणांना ती रडकी वाटतात. तीच भजनं टाळ-तबल्यावर भजनी ठेक्यात, मध्य लयीत घ्या आणि फरक पाहा.

नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांनी जी भक्तिगीतं लिहिली त्यांत अभंग बरेच आहेत. मोठ्या अभंगाची बांधणी सहा-सहा-सहा-चार अक्षरांची असते. त्यामुळे एका अभंगाची चाल मंडळीला पाठ झाली की त्याच मापाचा दुसरा अभंग तिच्यावर बसतो, नवी चाल शिकवावी लागत नाही. महिन्याला एकच नवं भजन घ्या. पहिल्या रविवारी उपासनेआधी दहा मिनिटं फक्त ध्रुवपद, तेही पेटीशिवाय, एकानं सांगायचं आणि सगळ्यांनी म्हणायचं. दुसऱ्या रविवारी दोन कडवी. तिसऱ्या रविवारी ते उपासनेत येईल. शिकवण्याचं काम तरुण संघाकडेच द्या. जे दुसऱ्याला शिकवावं लागतं ते आधी स्वतःला यावं लागतं. हिंदी गाणी बंद करू नका. सुरुवातीला एक हिंदी गाणं आणि प्रभुभोजनाच्या वेळी मराठी भजन, अशी वाटणी अनेक ठिकाणी सुखानं चालते.

प्रश्न: कापणीच्या सणाला आमच्याकडे अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव जोरात होतो, पण नंतर जमेच्या आकड्यावरून वाद होतात. खजिनदारांवर संशय नाही, तरी बोलणं होतंच. पद्धत कशी असावी?

उत्तर: खजिनदार प्रामाणिक असेल तर पद्धत आणखी काटेकोर हवी, कारण तिचा पहिला फायदा त्यालाच होतो. प्रेषित पौलानं यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत पोचवताना एकट्यानं जबाबदारी घेतली नाही. कोणी दोष लावू नये म्हणून सोबत मंडळ्यांची माणसं घेतली (नवा करार, २ करिंथ ८:१८-२१). आपणही तेच करायचं.

सणाच्या सकाळी दारातच टेबल मांडा. आलेली प्रत्येक वस्तू अनुक्रमांक घालून वहीत लिहा: ज्वारी दोन पायली, गावरान कोंबडी एक, भोपळे तीन, अंडी एक डझन. त्याच क्रमांकाची चिठ्ठी वस्तूला बांधा. लिलावात बोली पुकारणारा एक आणि लिहिणारे दोन असावेत. दोघांनी स्वतंत्र कागदांवर क्रमांक, घेणाऱ्याचं नाव, रक्कम आणि ‘रोख’ किंवा ‘बाकी’ एवढं लिहायचं. शेवटी दोन्ही कागद ताडून पाहायचे.

वाद होतो तो नेमका दोन जागी. एक म्हणजे परत दिलेला नारळ. नारळ पाचशेला घेतला जातो, घेणारा तो मंडळीला परत देतो, पुन्हा बोली लागते. लिहिणारा फक्त शेवटची बोली लिहितो आणि आधीच्या रकमा लोकांच्या डोक्यात राहतात. प्रत्येक फेरीला नवी ओळ हवी: १४-अ, १४-ब, १४-क. दुसरी जागा उधारीची. भरात बोललेली रक्कम सहा महिने येत नाही आणि जाहीर केलेला आकडा बँकेत दिसत नाही. म्हणून त्या दिवशी दोन आकडे वेगळे जाहीर करा, हातात आलेले पैसे आणि येणं बाकी. बाकी पंधरा दिवसांत भरण्याची मुदत ठेवा. न भरणाऱ्यांची नावं मात्र मंदिरात वाचू नका. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी घरी जाऊन विचारावं. ज्याला खरंच जमत नाही त्याची बाकी कमिटीनं ठराव करून सोडून द्यावी.

मोजणी त्याच दिवशी, मंदिरातच, एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी करायची. कागदावर नोटांची फोड लिहायची: पाचशेच्या किती, दोनशेच्या किती, शंभराच्या किती, नाणी किती. खाली दोघांच्या सह्या आणि तिसरी खजिनदाराची. पैसे बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरायचे. मंडपवाल्याचे किंवा जेवणाचे पैसे न मोजलेल्या रकमेतून कधीही द्यायचे नाहीत. सगळी जमा आधी बँकेत, मग खर्च. फोनवरून अर्पण घेत असाल तर क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच हवा. खजिनदाराच्या स्वतःच्या खात्याचा कोड आठवडाभरही चालवू नका, नंतर तो गुंता सुटत नाही.

मंडळीचा न्यास (ट्रस्ट) नोंदणीकृत असेल तर ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण व्हायला हवं. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं दिला नाही म्हणून निवडून आलेली कमिटी कागदावर नसतेच, आणि जमिनीचा प्रश्न उभा राहिला की हे कळतं. मंदिराच्या आवारात दुकानगाळे काढून भाड्यानं द्यायचा विचार अनेक ठिकाणी चालतो, त्यांनी आधी सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर नाव कोणाचं आहे ते पाहावं. न्यासाची जागा विकायची असेल किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

प्रश्न: मंडळीतला एक मुलगा अमेरिकेत आहे. मंदिराच्या छपरासाठी त्याला पैसे पाठवायचे आहेत. चालतील का?

उत्तर: त्याचा पासपोर्ट कोणता, यावर ठरतं. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले असतील, तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. बँकेमार्फतच घ्या आणि पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही ती विदेशी देणगी ठरते. तिला एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या त्यासाठीच्या खात्यातच यावी लागते. नोंदणी नसेल तर घेऊ नका. ती रक्कम इथल्या भावाच्या खात्यातून फिरवून आणण्याचा सल्ला कोणी दिला तर तो तर मुळीच ऐकू नका.

प्रश्न: आमचं महिला मंडळ दर बुधवारी सरकारी दवाखान्यात रुग्णांना भेटायला जाऊ इच्छितं. पण लोक याला धर्मांतराचं नाव देतील अशी भीती वाटते.

उत्तर: जा. पण नियम ठरवून जा. आधी दवाखान्याच्या अधीक्षकांना लेखी अर्ज द्या: कोण येणार, किती जणी, कोणत्या वेळी, काय करणार. भेटीच्या वेळेतच जायचं आणि एका खाटेजवळ दोघींहून जास्त नाही. पाच जणींनी खाटेला वेढा घातला की रुग्ण दडपतो आणि सिस्टर चिडतात, ते योग्यच आहे.

दहा मिनिटं पुरेत. बसायला जागा असेल तर बसा. उभ्यानं बोलणारी पाहुणी घाईत वाटते. पहिला प्रश्न आजाराचा नको, ‘सोबत कोण आहे, जेवले का ते?’ हा असावा. रुग्णाबरोबर आलेली माणसं जास्त थकलेली असतात. डबा, चहा, मोबाईल चार्जर, औषधाच्या रांगेत उभं राहणं ही खरी गरज बहुधा त्यांची असते. रुग्णाला खायला काहीही देण्याआधी सिस्टरना विचारा. ऑपरेशनआधी उपाशी ठेवलेल्या माणसाला प्रेमानं दिलेलं केळंही धोक्याचं. आपल्या ओळखीतल्या गुणकारी औषधाची शिफारस नको, आणि ‘विश्वास ठेवा, गोळ्या सोडा’ असं तर कोणीही, कधीही म्हणू नये. फोटो काढायचे नाहीत.

प्रार्थना रुग्णानं मागितली किंवा विचारल्यावर मोकळेपणानं होकार दिला तरच करा, हळू आवाजात, दोन मिनिटं. संकोचून मान हलवली असेल तर तो नकार समजा. पत्रकं वाटू नका. डबा आणि प्रार्थना यांचा एकमेकांशी काही संबंध आहे असं रुग्णाला क्षणभरही वाटता कामा नये. नकार देणाऱ्यालाही पुढच्या बुधवारी डबा मिळायला हवा. संविधानाच्या पंचविसाव्या कलमानं धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. त्याचबरोबर १९७७ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. वरचे नियम पाळणाऱ्यांना या दोन्हींत अडचण वाटू नये. आणि कायदा नसता तरीही खाटेवरच्या असहाय माणसाच्या बाबतीत ख्रिस्ताच्या अनुयायांनी हेच पाळलं असतं.

परतल्यावर वहीत तारीख, खाट, गरज आणि दिलेला शब्द लिहा. ‘उद्या येते’ म्हटलं आणि गेलं नाही, यानं जितकं नुकसान होतं तितकं न जाण्यानंही होत नाही.

प्रश्न: मी बँकेत नोकरी करतो, वय २७. देवाची सेवा करायची ओढ आहे. नोकरी सोडून सेमिनरीत (पाळकांच्या शिक्षणसंस्थेत) जावं का?

उत्तर: आधी एक वर्ष नोकरीत राहूनच मंडळीतलं एक न मिरवण्यासारखं काम अंगावर घ्या: संडे स्कूलचा एक वर्ग, किंवा चार म्हाताऱ्यांच्या घरभेटी. दर आठवड्याला, न चुकता. वर्षाअखेरीस ओढ वाढली असेल आणि तुमच्यासोबत काम करणाऱ्यांनाही तुमच्यात देवानं दिलेलं हे दान दिसत असेल, तर पाळकांशी आणि घरच्यांशी बोला. सेमिनरीला मंडळीचं शिफारसपत्र लागतं, आणि ते तुमचं काम पाहिलेल्या माणसानं दिलेलं असावं. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९८३ साली यवतमाळहून तिथे आली. प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन दोन दिवस राहा आणि विद्यार्थ्यांशी बोला. घरावर कर्ज असेल तर ते आधी फेडा.

ओढ वर्षभरानं निवली तर त्यात खंत मानण्यासारखं काही नाही. बँकेच्या खिडकीशी निरक्षर बाईचा फॉर्म नीट भरून देणारा माणूसही देवाच्याच कामावर असतो, आणि तुमच्या मंडळीला बँकेचं काम कळणारा खजिनदार बहुधा हवाच असेल.