ॲलर्जीचा दमा आणि इम्युनोथेरपी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

ॲलर्जीमुळे होणाऱ्या दम्यावर इम्युनोथेरपी घ्यावी की नाही, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : मला लहानपणापासून दमा आहे. घरातील धुळीत राहणाऱ्या माइट या सूक्ष्म जीवांची ॲलर्जी असल्याचे तपासणीत निघाले. स्टेरॉइडचा इनहेलर रोज दोन वेळा घेऊनही आठवड्यातील तीन-चार रात्री खोकल्याने जाग येते. इम्युनोथेरपीने दमा मुळापासून जातो आणि इनहेलर कायमचा सुटतो, असे ऐकले. मी ती लगेच सुरू करावी का?

उत्तर : लगेच करू नये. आपल्यासारख्या रुग्णाला हे उत्तर विचित्र वाटेल, कारण त्रास होतो आहे म्हणूनच आपण उपचार शोधत आहात. परंतु या उपचारात, ज्या पदार्थाने दमा उफाळतो तोच पदार्थ मोजून शरीरात सोडला जातो, आणि श्वासनलिका आधीच सुजलेल्या व चिडलेल्या असताना तसे करणे धोक्याचे असते. म्हणून दमा आटोक्यात नसलेल्या रुग्णाला इम्युनोथेरपी सुरू करत नाहीत. स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून करायच्या फुप्फुसांच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेल्या हवेचे प्रमाण अपेक्षित आकड्याच्या 70 टक्क्यांहून कमी असेल, तर थांबण्याचा सल्ला मार्गदर्शक सूचनांतही दिलेला आहे.

दमा आटोक्यात आहे का, हे ठरवण्यासाठी गेल्या चार आठवड्यांचा विचार करावा. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा त्रास झाला का, तात्पुरता आराम देणारा इनहेलर दोनपेक्षा अधिक वेळा लागला का, रात्री जाग आली का आणि नेहमीची कामे अडली का? आपल्या पत्रावरून यांतील एका प्रश्नाचे उत्तर तरी स्पष्ट ‘होय’ आहे. तेव्हा आपण इनहेलर ओढता कसा, हे प्रथम डॉक्टरांना प्रत्यक्ष करून दाखवावे. औषध वाढवण्याआधी हे पाहणे आवश्यक असते, कारण पंप दाबणे आणि श्वास आत घेणे यांचा मेळ न बसल्यामुळे बरेचसे औषध घशातच राहिलेले अनेक रुग्ण आढळतात. इनहेलरला स्पेसर, म्हणजे औषध क्षणभर साठवणारी नळी, जोडल्यावर त्यांचा त्रास त्याच मात्रेत कमी होतो. नाक सतत चोंदलेले असेल तर त्याचाही उपचार करून घ्यावा, कारण नाकाची ॲलर्जी धुमसत असताना दमा सहसा शांत राहत नाही.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळू. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचे शरीर माइटच्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाचे प्रतिपिंड तयार करते. हे प्रतिपिंड विशिष्ट पेशींवर चिकटून बसतात आणि तेच प्रथिन पुन्हा आले की त्या पेशींतून हिस्टामिनसारखी द्रव्ये बाहेर पडतात. इम्युनोथेरपीत त्या प्रथिनाची मात्रा फार थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. त्यामुळे प्रतिक्रियेला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात आणि आयजीजी-4 या प्रकारचे प्रतिपिंड तयार होऊन ते प्रथिनाला आयजीईपर्यंत पोहोचण्याआधीच अडवतात. आयजीई मात्र सुरुवातीच्या महिन्यांत थोडे वाढते आणि नंतर सावकाश उतरते. म्हणून उपचार चालू असताना वारंवार आयजीई मोजून घाबरण्यात अर्थ नाही.

या पद्धतीला शंभराहून अधिक वर्षे झाली. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून परागज्वरावर, म्हणजे परागकणांमुळे होणाऱ्या नाकाच्या ॲलर्जीवर, केलेल्या प्रयोगांचा वृत्तान्त 1911 मध्ये प्रसिद्ध झाला. परागकणांत विष असते आणि टोचणीमुळे त्यावरचा उतारा शरीरात तयार होतो, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना चुकीची ठरली, उपचार मात्र टिकला. वैद्यकात असे अधूनमधून घडते.

इनहेलर सुटेल का, याचे प्रामाणिक उत्तर असे की मात्रा कमी होण्याची शक्यता बरी आहे, पूर्ण सुटण्याची हमी कोणीही देऊ नये. माइटची ॲलर्जी असलेल्या 834 प्रौढ दमेकऱ्यांवरील एका चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात इम्युनोथेरपीची जिभेखाली ठेवायची गोळी किंवा औषध नसलेली नकली गोळी काही महिने दिल्यानंतर स्टेरॉइडचा इनहेलर आधी निम्मा केला आणि मग बंद केला. खरी गोळी घेणाऱ्यांत दमा उफाळण्याचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी राहिला, पण दम्याच्या नियंत्रणाचे आणि जीवनमानाचे गुण मोजले तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. ‘मुळापासून जातो’ या दाव्यापेक्षा हे चित्र बरेच संयत आहे. दमा आटोक्यात आल्यावर आपण या उपचाराच्या चांगल्या उमेदवार ठरू शकता. तोपर्यंत स्टेरॉइडचा इनहेलर हाच आपला मुख्य उपचार आहे आणि तो स्वतःहून बंद करू नये.

प्रश्न : माझ्या रक्ताच्या तपासणीत तब्बल अठरा पदार्थांपुढे ‘पॉझिटिव्ह’ असे लिहून आले. त्या सर्वांची मिळून एक लस बनवून देऊ, असे मला सांगण्यात आले आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. रक्तात किंवा त्वचेवर चाचणी पॉझिटिव्ह येणे याचा अर्थ शरीराने त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार केले आहे, एवढाच होतो. त्या पदार्थामुळे आपल्याला त्रास होतो, असे त्यावरून सिद्ध होत नाही. चाचणीत पॉझिटिव्ह असूनही त्या पदार्थाच्या सान्निध्यात ज्यांना एक शिंकही येत नाही, असे पुष्कळ लोक असतात. त्यामुळे अहवालापेक्षा आपली हकीगत महत्त्वाची ठरते : त्रास वर्षभर असतो की ठरावीक ऋतूत, अंथरूण झाडताना वाढतो की मांजर जवळ आल्यावर, घराबाहेर गेल्यावर कमी होतो की वाढतो. हकीगत आणि चाचणी ज्या पदार्थावर एकत्र येतात, त्याच पदार्थाची इम्युनोथेरपी करावी. बहुतेकांच्या बाबतीत असे पदार्थ एक-दोनच निघतात.

अठरा अर्क एका बाटलीत मिसळले की प्रत्येकाची मात्रा इतकी पातळ होते की परिणाम होण्याइतका अंश उरतच नाही. शिवाय माइट, बुरशी व झुरळ यांच्या अर्कांत प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि परागकणांच्या अर्काबरोबर एकत्र ठेवल्यास ती त्याची शक्ती घटवू शकतात. ज्या अर्कांची शक्ती प्रमाणित केलेली आहे आणि ज्यांच्यावर नीट चाचण्या झाल्या आहेत, तेच वापरण्याचा आग्रह धरावा. माइट आणि गवताचे परागकण यांच्याबाबतीत असा पुरावा भक्कम आहे. बुरशीच्या बाबतीत तो तोकडा आहे.

त्वचेवरील टोचणी-चाचणी अजून झाली नसेल तर ती करून घ्यावी. पंधरा-वीस मिनिटांत निकाल कळतो आणि टोचलेल्या जागी किमान 3 मिलिमीटरची गांधी उठली तर ती पॉझिटिव्ह मानतात. चाचणीपूर्वी साधारण आठवडाभर ॲलर्जीच्या (हिस्टामिनविरोधी) गोळ्या थांबवाव्या लागतात, इनहेलर मात्र थांबवायचा नसतो. अन्नपदार्थांवरील आयजीजी मोजून ‘ॲलर्जी’ सांगणाऱ्या तपासण्या दम्याच्या निदानासाठी निरुपयोगी आहेत; त्यांवर खर्च करू नये.

प्रश्न : आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. परागकणांमुळे त्याचे नाक वाहते, डोळे चुरचुरतात आणि त्या ऋतूत थोडी धापही लागते. इंजेक्शने द्यावीत की जिभेखालचे औषध? आणि जिवाला धोका असतो, असे म्हणतात, ते खरे आहे का?

उत्तर : धोका आहे, तो लहान आहे, आणि तो नेमका कोणाला आहे हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये अशा इंजेक्शनांनंतर झालेल्या मृत्यूंचा आढावा घेतल्यावर 1986 मध्ये त्यांच्या वापरावर कडक बंधने आली, आणि मृतांमध्ये दमेकऱ्यांचे प्रमाण मोठे असल्याचे दिसून आले. तेव्हापासून सावधगिरीचे नियम पक्के होत गेले. इंजेक्शन ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सर्व शरीरभर उठणारी जीवघेणी ॲलर्जीची प्रतिक्रिया, हाताळण्याची तयारी असलेल्या ठिकाणीच घ्यावे. इंजेक्शननंतर किमान 30 मिनिटे तेथेच बसून राहावे, कारण बहुतेक गंभीर प्रतिक्रिया याच अर्ध्या तासात सुरू होतात. त्या दिवशी मुलाला ताप असेल, छाती घरघरत असेल किंवा पीक फ्लो (जोराने फुंकताना हवेचा सर्वाधिक वेग) नेहमीपेक्षा खाली आला असेल, तर इंजेक्शन पुढे ढकलावे. घाईत असलेल्या पालकांना हा अर्धा तास टाळावासा वाटतो. कृपया तो टाळू नये. ॲनाफिलॅक्सिस झालाच तर मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनलिन हाच पहिला उपचार असतो, त्याला ॲलर्जीची गोळी पर्याय नव्हे.

इंजेक्शने सुरुवातीला साधारण दर आठवड्याला, वाढत्या मात्रेने काही महिने देतात आणि मग महिन्यातून एकदा, असे एकूण तीन ते पाच वर्षे चालते. जिभेखालची गोळी किंवा थेंब रोज घरी घ्यायचे असतात. फक्त पहिली मात्रा डॉक्टरांसमोर घ्यावी लागते. त्यात गंभीर प्रतिक्रिया क्वचितच होते, मात्र पहिल्या काही आठवड्यांत तोंडात खाज सुटणे, ओठ किंचित सुजणे, घसा खवखवणे हे नित्याचे असते आणि बहुधा आपोआप थांबते. दात काढला असेल किंवा तोंडात व्रण असेल, तर तो भरेपर्यंत औषध थांबवावे.

नऊ वर्षांच्या मुलाला सुई नको असणे स्वाभाविक आहे, तरीही दोन पद्धतींमधील निवड मी सुईच्या भीतीवर सोडणार नाही. आपल्या घरात तीन वर्षे रोज न चुकता औषध दिले जाईल का, हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा. गोळी सोपी असल्यामुळेच ती विसरली जाते, आणि कित्येक रुग्ण पहिल्या वर्षातच ती सोडून देतात. इंजेक्शनसाठी ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जावेच लागते, त्यामुळे ते नियमित होते.

मुलांच्या बाबतीत आणखी एक आशा बोलून दाखवली जाते की नाकाच्या ॲलर्जीवर वेळीच इम्युनोथेरपी केली तर पुढे दमा होणे टळते. परागज्वर असलेल्या, 6 ते 14 वर्षे वयाच्या 205 मुलांवरील एका अभ्यासात तीन वर्षांच्या इंजेक्शनांनंतर दमा होण्याचे प्रमाण कमी दिसले आणि तो फायदा उपचार संपल्यानंतरही अनेक वर्षे टिकला. पुढे 812 मुलांना गवताच्या परागकणांची गोळी देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत दम्याची लक्षणे आणि औषधांची गरज कमी झाली, मात्र काटेकोर निकषांवर दम्याचे निदान होण्याचा काळ लांबला नाही. आपल्या मुलाला धाप लागू लागली आहे, त्यामुळे त्याच्यासाठी दमा टाळण्याचा मुद्दा बहुधा मागे पडला आहे. आधी स्पायरोमेट्री करून दमा आहे का, हे निश्चित करावे आणि असल्यास त्याचे नियमित औषध सुरू करावे. परागकणांच्या इम्युनोथेरपीची पहिली मात्रा त्या ऋतूच्या काही महिने आधी घेणे सोयीचे पडते.

प्रश्न : माझा माइटवरील इंजेक्शनांचा कोर्स दीड वर्षापासून चालू आहे आणि बरे वाटते आहे. आता आम्ही मूल होऊ देण्याचा विचार करत आहोत. कोर्स थांबवावा का?

उत्तर : गरोदरपणात इम्युनोथेरपी नव्याने सुरू करत नाहीत, परंतु मात्रा वाढवण्याचा टप्पा संपून कायम मात्रेवर पोहोचलेल्या आणि इंजेक्शने चांगली सोसणाऱ्या स्त्रीला ती मात्रा न वाढवता पुढे चालू ठेवता येते. दम्याचा इनहेलर गरोदरपणात बंद करू नये, कारण औषधापेक्षा दम्याचा झटका बाळाला अधिक घातक ठरतो.

प्रश्न : माझे वडील दम्यासाठी मोठ्या मात्रेचा इनहेलर घेतात, तरी वर्षातून दोन-तीनदा तोंडावाटे स्टेरॉइड घ्यावे लागते. त्यांना ओमॅलिझुमॅब सुचवले आहे. ही इम्युनोथेरपीच आहे का? रक्तदाबासाठी ते बीटा-ब्लॉकरही घेतात.

उत्तर : दोन्ही इंजेक्शने असल्यामुळे गल्लत होते, पण त्यांची कामे निराळी आहेत. ओमॅलिझुमॅब हे आयजीईला पकडून निष्क्रिय करणारे प्रतिपिंड आहे. अमेरिकेत त्याला 2003 मध्ये परवानगी मिळाली आणि ते दर दोन किंवा चार आठवड्यांनी देतात. ॲलर्जी कोणत्या पदार्थाची आहे, यावर त्याचा परिणाम अवलंबून नसतो, आणि तीव्र दम्यातही ते देता येते. किंबहुना ते तीव्र दम्यासाठीच आहे. मात्र ते शरीराची मूळ सवय बदलत नाही, त्यामुळे बंद केल्यावर अनेकांचा त्रास परत येतो. इम्युनोथेरपीचा फायदा तीन वर्षे पूर्ण केल्यास नंतरही काही वर्षे राहू शकतो, पण आपल्या वडिलांच्या दम्याची तीव्रता पाहता ती सध्या त्यांच्यासाठी नाही. सुचवलेला उपचार सयुक्तिक वाटतो. बीटा-ब्लॉकरविषयी मात्र त्यांच्या दम्याच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे : ही औषधे श्वासनलिका आकुंचित करू शकतात आणि ॲनाफिलॅक्सिस झाल्यास ॲड्रेनलिनचा परिणाम कमी करतात. ती स्वतःहून बंद करू नयेत. रक्तदाबाचे दुसरे औषध देता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : इम्युनोथेरपी चालू असेल तर माइट कमी करण्याची खटपट करावी लागते का? गादीला खास खोळ घातली तर पुरे का?

उत्तर : खटपट करावी, पण नुसत्या खोळीवर विसंबू नये. दमा असलेल्या 1122 प्रौढांवरील एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2003 मध्ये आले, माइटला न भेदता येणारी खोळ हा एकच उपाय केल्याने दम्यात सुधारणा झाली नाही. माइट हवेतील दमट अंशावर जगतात, त्यामुळे खोलीतील सापेक्ष आर्द्रता 50 टक्क्यांखाली ठेवता आली तर त्यांची वाढ खुंटते. चादरी व अभ्रे दर आठवड्याला 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. कोमट पाण्याने ॲलर्जीचे प्रथिन धुऊन निघते, माइट मात्र पुष्कळसे जिवंत राहतात. निजण्याच्या खोलीतून गालिचा आणि कापडी खेळणी काढून टाकावीत. झाडलोट शक्यतो घरातील दुसऱ्या कोणी करावी, आणि ती करताना दमेकऱ्याने खोलीबाहेर थांबावे.